पाण्याचा दिवस

परतलो तो नेमका पाण्याचा दिवस.
पहाटे साडेतीनला रिक्षा कन्ना चौकातून आत वळली
तेव्हा अख्खी गल्ली जागी,
मोटारींची घरघर, नळीवरून भांडण.
बॅगा उंबऱ्यात टाकून
चपला न काढताच मी पिंप लावलं नळाला.

"कशी होती ओ अमेरिका?" समोरच्या शोभा वडनाल,
कळशी कमरेवर, पाणी सांडतंय तरी उभ्या.
मी म्हणाले, उंच.
त्यांना ते पुरेना.
मग हेच पुढे झाले, लुंगी गुडघ्यावर खोचून:
न्यूयॉर्कला एकशे दोन मजले,
शिकागोला काचेच्या पेटीत उभं राहायचं,
खाली चारशे मीटर नुसती हवा,
सॅन फ्रान्सिस्कोचा पूल धुक्यात अर्धाच दिसला,
बोटीचं तिकीट मात्र पूर्ण घेतलं.
एकतीस वर्षं मागावर उभा राहिलेला माणूस
आकडे चुकत नाही.

काचेच्या पेटीत हे गेलेच नाहीत
ते मी सांगितलं नाही.
बाहेर माझी पर्स धरून थांबले,
पर्समध्ये दोन पासपोर्ट, कडक भाकरी, शेंगाचटणीची पुडी.
मी एकटी गेले.
पायाखाली पिवळ्या गाड्या,
सांडलेल्या हरभऱ्याच्या डाळीएवढ्या.
वळून पाहिलं तर ह्यांचे डोळे मिटलेले
आणि पर्सचा बंद बोटाला गुंडाळलेला, घट्ट,
सुताचा धागा गुंडाळतात तसा.

पहिल्या रात्री हॉटेलात
ह्यांनी टब काठोकाठ भरून ठेवला,
बादली नव्हती म्हणून कचऱ्याचा डबा विसळून तोही.
"उद्या नाही आलं तर?"
सकाळी बूच काढलं.
तेवढं सगळं पाणी गोल फिरत जाताना
आम्ही दोघं बघत राहिलो,
कुणाला स्टेशनवर पोचवायला आल्यासारखे.
हेही नाही सांगितलं. पाण्याच्या दिवशी तर नाहीच.

टॉवेलचं मात्र सांगितलं.
ह्यांनी किनार उलटून अंगठ्याने चाचपली,
वास घेतला, उजेडात धरला.
लेबल धुऊन धुऊन कोरं झालेलं.
"आपल्याकडचा," म्हणाले.
मग म्हणाले, "नसेलही."
मग अंग न पुसताच घडी घालून परत ठेवला.
"आणायचा की ओ एक!" वडनालबाई.
घरात नऊ पडलेत, मी म्हणाले.

आणि एक गोष्ट मी मलाही नीट सांगितलेली नाही.
नवी पेठेत हे कायम चार पावलं पुढे.
पस्तीस वर्षं मी ह्यांची पाठ ओळखते
शर्टाच्या शिवणीसकट.
तिकडे मात्र दिव्यात पांढरा माणूस उमटला की
हे माझं मनगट धरायचे.
हात नव्हे, मनगट, बांगड्या टोचल्या तरी,
धाकटीला शाळेत नेताना धरायचे तसं.
पलीकडच्या फूटपाथला लागलो की सोडायचे.
सतरा दिवस, रस्ते किती, मोजले नाहीत.
मोजणारे ते.
शेवटच्या सकाळी एका वळणावर गाडी एकही नव्हती,
तरी मी दिव्यासाठी थांबले.

आज सात रस्त्याला गेलो, पडद्याचं कापड आणायला.
ऊन चव्वेचाळीस. दिवा बंद, नेहमीसारखा.
हे निघाले पुढे,
रिक्षा, बस, उसाचा ट्रॅक्टर, सगळ्यांच्या मधून.
मी अलीकडेच उभी राहिले.
पलीकडे पोचून वळले,
काय झालं, म्हणून हात हलवला.
मी काहीच केलं नाही. उभी होते.

आज पाण्याचा दिवस.
ह्यांना वाटलं, घरी मोटार चालू राहिली.
सगळा रस्ता ओलांडून परत आले.